खुब्याच्या सांध्याची फाटलेली कड आणि तिची शिवण

कोणत्याही धर्मादाय ट्रस्टकडे मदतीसाठी जे अर्ज येतात, त्यांत औषधोपचाराचे अर्ज थोडे नसतात. त्यांपैकी हृदयविकार, मूत्रपिंड, कर्करोग यांची नावे ऐकली की गरजेचे स्वरूप कोणाच्याही चटकन लक्षात येते. परंतु अलीकडे आपल्या बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील तरुण मंडळींच्या हातात एक निराळाच अहवाल दिसू लागला आहे. त्यात ‘लॅब्रल टेअर’ असे लिहिलेले असते. म्हणजे खुब्याच्या सांध्यातील कूर्चेची कड फाटली आहे. कुटुंब घाबरते, शस्त्रक्रियेचा आकडा ऐकून कर्ज काढायला निघते, आणि नेमके काय फाटले, शिवायचे कसे, शिवले नाही तर काय होईल, याचा उलगडा घरात कोणालाच झालेला नसतो. मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवतो. तरी एखादा धडा समजावून द्यावा त्या रीतीने हा विषय या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडावा, असे वाटले.

उखळीचा सांधा

शालेय पुस्तकात आपण सांध्यांचे प्रकार शिकतो. गुडघा व कोपर हे बिजागरीचे सांधे, खांदा व खुबा हे उखळीचे सांधे. हा शब्द फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत सांध्यांचे आठ प्रकार सांगितले असून त्यांपैकी एकाचे नाव ‘उलूखल’ असे आहे. काख, वंक्षण म्हणजे जांघ, आणि दात यांचे सांधे त्या प्रकारात घातले आहेत. घरातल्या उखळावरून शरीरातील सांध्याला नाव द्यावे, इतके हे साम्य उघड आहे.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो व तो कमरेच्या हाडातील खोलगट उखळात बसतो. गोळा आणि उखळ या दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. या थराला रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. त्यामुळे तो झिजला तर पुन्हा पूर्ववत भरून येत नाही, आणि झिजत असताना सुरुवातीला कळतही नाही.

उखळाच्या हाडी काठावर सभोवार आणखी एक चिवट, तंतुमय कूर्चेची कड बसवलेली असते. तिला डॉक्टर ‘लॅब्रम’ म्हणतात. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ओठ असा आहे. या ओठामुळे उखळ अधिक खोल होते आणि गोळा घट्ट धरला जातो. पण तिचे मोठे काम दुसरेच आहे. आपल्या गावच्या हापशात चामड्याचा वायसर असतो. तो चांगला असेल तोवर पाणी वर खेचले जाते. तो फाटला की दांडा कितीही मारा, पाणी निसटते. खुब्याची कडही अशीच सांध्यातील तेलकट द्रव आत कोंडून धरते. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. तो भार या कोंडलेल्या द्रवामुळे सर्वत्र सारखा वाटला जातो. कड फाटली की द्रव निसटतो, आणि भार थेट कूर्चेच्या थरावर पडू लागतो.

येथे वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, कडेला मज्जातंतू आहेत, म्हणून ती फाटली की दुखू शकते. दुसरी, कडेला रक्तपुरवठा बाहेरच्या बाजूने थोडासा असतो, म्हणून ती हाडाला नीट टेकवून बांधली तर जुळू शकते. गुळगुळीत थर शिवता येत नाही, कड शिवता येते. पुढील सर्व शस्त्रक्रियेचा पाया हाच भेद होय.

कड का फाटते

अपघातात खुबा निखळला तर कड फाटू शकते, हे जुन्या शल्यवैद्यांनाही ठाऊक होते. परंतु ज्याला कधी मोठा मार लागला नाही अशा तरुणाची कड का फाटावी? याचे उत्तर स्वित्झर्लंडमधील बर्न येथील प्राध्यापक राइनहोल्ड गान्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली सविस्तर मांडले. काही लोकांच्या मांडीच्या हाडाचा गोळा पुरता गोल नसतो. गोळा आणि मान यांच्या जोडावर हाडाचा उंचवटा असतो. काहींच्या उखळाचा काठच जरुरीपेक्षा पुढे आलेला असतो. मांडी वर उचलून आत वळवली की हा उंचवटा आणि हा काठ एकमेकांवर आदळतात, आणि मधल्यामध्ये कड चेपली जाते. हे हजारो वेळा घडले की ती हाडापासून सुटते. या घर्षणाच्या दोषात कड फाटणे हा परिणाम आहे. कारण हाडाच्या आकारात आहे.

याच्या उलट प्रकार म्हणजे जन्मापासून उथळ असलेले उखळ. तेथे गोळा बाहेर सरकू पाहतो आणि सारा ताण कडेवर येतो. तिसरे कारण वयाचे. केस पिकावेत तशी कडही जीर्ण होते.

आता आपल्या राहणीकडे पाहू. मांडी घालून जेवायला बसणे, उकिडवे बसून खुरपणी करणे, खालच्या शौचकूपावर बसणे, नमाजातील सजदा व बैठक, देवघरापुढे पाटावर बसणे, या सर्वांत खुबा पुष्कळ वाकतो. निरोगी खुब्याला यातून अपाय नाही. उलट सांधा मोकळा राहतो. परंतु ज्याच्या हाडात वर सांगितलेला दोष आहे, त्याला नेमक्या याच बैठकी नडतात. आपल्या बैठकीचा विचार उपचारात करावा लागतो, ही गोष्ट पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी गुडघ्याच्या बाबतीत ओळखली होती. १९६५ साली रुग्णालय स्थापन करणाऱ्या या अस्थिशल्यवैद्यांनी पुढे भारतीयांच्या बसण्याउठण्याच्या सवयी ध्यानात घेऊन ‘इंडस’ नावाचा कृत्रिम गुडघा तयार केला. खुब्याच्या रोग्यालाही डॉक्टरांपुढे आपण घरात, शेतात व प्रार्थनेत कसे बसतो हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

दुखणे ओळखावे कसे

कडेचे दुखणे बहुधा जांघेत, खोल असते. ‘कोठे दुखते?’ असे विचारले तर रोगी अंगठा पुढे व बोटे मागे ठेवून खुबा मुठीत धरल्यासारखा दाखवतो. बराच वेळ बसून उठताना, जीपमधून उतरताना, जिना चढताना, बूट घालताना कळ येते. कधी आत ‘टक्’ असे वाजते, कधी काहीतरी अडकल्यासारखे होते.

पण जांघेत दुखणारा प्रत्येक खुबा कडेचाच नसतो. पाठीच्या मणक्यातील नस दबणे, खुब्याचा क्षय, गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मृत होणे, संधिवात, हर्निया, ही सारी दुखणी तेथेच जाणवू शकतात. लहान मुलांच्या बाबतीत विशेष सावध असावे. मूल लंगडते आणि गुडघा दुखतो म्हणते, तेव्हा दोष पुष्कळदा खुब्यात असतो. ताप, वजन घटणे, रात्रीची वेदना किंवा मुलाचे लंगडणे असेल तर दिवस न घालवता डॉक्टरांकडे जावे. ‘खुबा उतरला आहे, एक झटका दिला की बसेल’ असे सांगणाऱ्याच्या हाती मांडी देऊ नये. फाटलेली कड झटक्याने जुळत नाही, आणि हाडात क्षय असेल तर झटका घातक ठरतो.

डॉक्टर प्रथम मांडी वाकवून, आत घेऊन, आत वळवून पाहतात. मग साधे क्ष-किरण चित्र काढतात. हाडाचा उंचवटा, उथळ उखळ व सांध्यातील जागा त्यातच कळते. एमआरआय त्यानंतर. कधी सांध्यात बधिरतेचे औषध टोचून पाहतात. दुखणे काही वेळ थांबले तर ते सांध्याच्या आतलेच आहे, याला बळकटी मिळते.

आता एक महत्त्वाची माहिती. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ज्यांना खुब्याचे कोणतेही दुखणे नव्हते अशा ४५ स्वयंसेवकांचे एमआरआय काढले. त्यांपैकी ६९ टक्के लोकांच्या कडेत फाट दिसली. म्हणजे अहवालात फाट असणे हा रोगाचा पुरावा नव्हे. दुखण्याचे ठिकाण, तपासणी आणि चित्र ही तिन्ही जुळली तरच त्या फाटीला अर्थ आहे.

सांध्याच्या आत शिरण्याचा इतिहास

खुबा हा शरीरातील सर्वांत खोल सांधा. दहाव्या-अकराव्या शतकात अंदलूसमधील कुर्तुबा येथील अल-जहरावी यांनी आपल्या ‘तस्रीफ’ या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रकर्माला दिला आणि त्यात निखळलेले सांधे बसवण्याचीही चर्चा केली. पण ते सर्व बाहेरून. आत डोकावण्याचे साधन विसाव्या शतकात आले. जपानमध्ये केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय पाहण्याच्या दुर्बिणीने मृतदेहाचा गुडघा आतून पाहिला. न्यूयॉर्कचे मायकेल बर्मन यांनी १९३१ साली मृतदेहांच्या अनेक सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली. पण गोळा आणि उखळ यांच्या मध्ये शिरणे अशक्य आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. ताकागींनी १९३९ साली रोग्यांच्या चार खुब्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यानंतर कितीतरी वर्षे हे काम जवळजवळ थांबलेच. गुडघ्याची दुर्बीण सर्वत्र गेली, खुबा मागे राहिला.

अडचण गोळा व उखळ घट्ट बसल्याची होती. पाय जोराने ओढून त्यांच्यात फट पाडल्याशिवाय आत जाता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे जेम्स ग्लिक यांनी १९८०च्या दशकात रोग्याला कुशीवर निजवून पाय ओढण्याची पद्धत रूढ केली. पुढे उताणे निजवून करण्याची पद्धतही प्रचारात आली. दुसरीकडे गान्झ यांनी उघड्या शस्त्रक्रियेने गोळा उखळातून बाहेर काढून, त्याचा रक्तपुरवठा न दुखवता पुन्हा बसवण्याची रीत शोधली. २००१ साली त्यांनी अशा २१३ खुब्यांचा वृत्तांत दिला, त्यात एकाही गोळ्याचे हाड मृत झाले नव्हते. कड फाटते कशी हे डोळ्यांनी दिसले ते या उघड्या शस्त्रक्रियेमुळेच.

आरंभी शल्यवैद्य फाटलेला तुकडा कापून टाकीत. बर्न येथील २००६ सालच्या एका अभ्यासाने हे बदलले. पहिल्या २५ खुब्यांत कड कापून काढली होती, नंतरच्या ३५ खुब्यांत ती परत हाडाला जोडली होती. दोन वर्षांनी पहिल्या गटात २८ टक्के, तर दुसऱ्या गटात ८० टक्के निकाल उत्तम होते. तेव्हापासून ‘शक्य तेथे कड राखावी’ हा नियम होत गेला.

कड शिवण्याची रीत

आज बहुतेक ठिकाणी हे काम दुर्बिणीतून होते. भूल दिल्यावर पायाला गादीचा बूट बांधून खास टेबलावर पाय ओढतात. सांध्यात सुमारे एक सेंटिमीटर फट पडते. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत लांब सुई आत घालतात. तिच्या वाटेने सुमारे सेंटिमीटरभराची दोन-तीन छिद्रे करून एकातून दुर्बीण व बाकीच्यांतून हत्यारे जातात. पाय ओढून ठेवल्याने नसांवर ताण येतो, म्हणून ही ओढ शक्यतो दोन तासांच्या आत संपवतात.

मग फाट तपासतात. कड हाडापासून सुटली असून तिचे ऊतक चांगले असेल तर ती शिवण्याजोगी असते. प्रथम उखळाचा काठ किंचित खरवडून त्यातून रक्त येऊ देतात, कारण ताज्या हाडालाच कड धरते. आपल्या बीदरचे कारागीर बिदरी भांड्यावर चांदीची तार बसवण्याआधी धातूत छिन्नीने खाच पाडतात, गुळगुळीत पृष्ठावर तार टिकत नाही. तसेच हे आहे. नंतर काठात बारीक छिद्र पाडून त्यात नांगर बसवतात. हा नांगर काही मिलिमीटरचा असून टिकाऊ प्लॅस्टिकचा, विरघळणाऱ्या पदार्थाचा किंवा नुसत्या धाग्याच्या गाठीचा असतो. त्याला जोडलेला धागा कडेभोवती किंवा कडेतून ओवून गाठ मारतात. फाटीच्या लांबीप्रमाणे असे दोन, तीन किंवा अधिक नांगर लागतात.

यात कौशल्य दोन ठिकाणी आहे. छिद्राची दिशा चुकली तर नांगर गुळगुळीत थर फोडून सांध्यात डोकावतो. आणि गाठ फार आवळली तर कड बाहेर वळते व गोळ्याला टेकत नाही. मग ती शिवलेली असूनही वायसरचे काम करीत नाही.

कड बांधून झाली की ओढ सैल करतात आणि गोळ्याच्या मानेवरील उंचवटा बारीक यंत्राने घासून काढतात. काठ पुढे आला असेल तर तोही तासतात. हे न करता नुसती कड शिवणे म्हणजे चाकाला घासणारा पत्रा तसाच ठेवून टायरला ठिगळ लावणे होय. शेवटी सांध्याचे आवरण शिवतात.

कड इतकी जीर्ण असेल की शिवण टिकणार नाही, तर रोग्याच्या मांडीतील चिवट पट्टीचा किंवा कंडरेचा तुकडा घेऊन नवी कड घडवतात. गुळगुळीत थराला लहान खड्डा पडून हाड उघडे झाले असेल तर तेथे बारीक छिद्रे पाडतात. आतून येणाऱ्या रक्तापासून खरबरीत का होईना, कूर्चा तयार होते. उखळच उथळ असेल तर केवळ कड शिवून भागत नाही. उखळाचे हाड कापून फिरवण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. ती रीतही गान्झ यांनीच १९८०च्या दशकात घालून दिली.

गुण किती येतो

शस्त्रक्रिया करावी की व्यायाम, याची कसोटी ब्रिटनमध्ये घेण्यात आली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ब्रिटनमधील २३ रुग्णालयांतील ३४८ रोगी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याला तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्यायामोपचार दिला. वर्षानंतर शंभरपैकी गुण मोजले. शस्त्रक्रियेचा गट ३९ वरून ५९ वर आला, व्यायामाचा गट ३६ वरून ५० वर. म्हणजे दोघांनाही लाभ झाला. शस्त्रक्रियेचा लाभ थोडा अधिक होता. २०१९ सालच्या, २२२ रोग्यांच्या दुसऱ्या ब्रिटिश चाचणीतही आठ महिन्यांनंतर शस्त्रक्रियाच पुढे राहिली.

यावरून दोन्ही टोकांची मते खोडली जातात. ‘शस्त्रक्रिया निरुपयोगी’ हे खरे नाही, आणि ‘शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही’ हेही खरे नाही. म्हणून काही महिने नीट व्यायामोपचार करून पाहणे ही पहिली पायरी समजावी. त्यात कुल्ल्याचे व पोटाचे स्नायू बळकट करतात आणि खुबा चेपणाऱ्या बैठकी टाळतात. उकिडवे बसण्याऐवजी लांब दांड्याची हत्यारे, खालच्या शौचकूपावर कमोड खुर्ची, जेवायला उंच बैठक, एवढ्यानेही पुष्कळांचे दुखणे सोसवण्याजोगे होते.

आणखी एक मर्यादा आहे. गुळगुळीत थर फार झिजला असेल, क्ष-किरण चित्रात सांध्यातील जागा दोन मिलिमीटरहून कमी उरली असेल, तर कड शिवून सहसा उपयोग होत नाही. टेनिसपटू अँडी मरे यांच्या खुब्यावर जानेवारी २०१८ मध्ये दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. दुखणे गेले नाही. जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्या खुब्यात धातूचा पृष्ठभाग बसवला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी अँटवर्पची स्पर्धा जिंकली. झिजलेल्या सांध्याचा मार्ग निराळा असतो, हे यातून दिसते.

धोकेही सांगितले पाहिजेत. ओढीमुळे काही काळ बधिरपणा येतो, क्वचित जंतुसंसर्ग होतो, शिरेत रक्ताची गुठळी होते, उंचवटा जास्त घासला गेला तर मान मोडते. खुब्याची दुर्बीण शिकायला गुडघ्याच्या दुर्बिणीपेक्षा फार काळ लागतो. म्हणून ‘आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत?’ हे शल्यवैद्यांना नम्रपणे विचारण्यात काही गैर नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे महिने

छिद्रे आठ-दहा दिवसांत भरतात, आणि रोग्याला वाटते की झाले. खरे काम येथून सुरू होते. सामान्यतः दोन ते सहा आठवडे कुबड्या घेऊन पायावर थोडाच भार द्यायचा. हाडाला छिद्रे पाडली असतील तर सहा ते आठ आठवडे. या काळात खुबा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही. खाली बसणे, मांडी घालणे, जड ओझे उचलणे बंद. त्यानंतर क्रमाक्रमाने व्यायाम. धावणे तीन-चार महिन्यांनी, खेळ किंवा ओझ्याचे काम चार ते सहा महिन्यांनी, तेही डॉक्टरांच्या सांगण्याने.

धार्मिक आचाराबद्दल लोकांच्या मनात संकोच असतो. उभे राहून जमत नसेल तर बसून, बसूनही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज अदा करण्याची मुभा शरीयतीत स्पष्ट आहे. खुर्चीवर बसून इशाऱ्याने सजदा करणाऱ्याने मनात अपराध बाळगू नये. पूजेला, कीर्तनाला बसणाऱ्यांनीही पाटाऐवजी खुर्ची घ्यावी. भक्तीत उणे येत नाही, आणि शिवण टिकते.

मदत करताना

आपल्या भागातील रोगी बीदरहून हैदराबादला आणि कलबुर्गीहून सोलापूरला जातात, कोणी पुण्यामुंबईपर्यंत पोहोचतात. अशा अर्जाचा विचार करताना ट्रस्टच्या सभासदांनी, आणि अर्ज करणाऱ्या कुटुंबानेही, पुढील गोष्टी पाहाव्यात, असे मला सुचवावेसे वाटते.

१. केवळ एमआरआयचा अहवाल पुरेसा मानू नये. तपासणी व क्ष-किरण चित्र त्याच्याशी जुळते, असे डॉक्टरांनी लिहून दिलेले असावे.

२. व्यायामोपचार पुरेसा काळ झाला आहे का, हे विचारावे. झाला नसेल तर त्याच्याच खर्चाला आधी मदत द्यावी. ती रक्कम शस्त्रक्रियेच्या मानाने लहान असते.

३. हाडाचा दोष त्याच वेळी दुरुस्त होणार आहे का, आणि सांध्यात पुरेशी जागा शिल्लक आहे का, हे विचारावे. मोठी शस्त्रक्रिया असेल तर दुसऱ्या शल्यवैद्याचे मत घ्यावे.

४. सरकारी आरोग्य योजनेत हा उपचार बसतो की नाही, हे भरती होण्यापूर्वीच रुग्णालयातील योजनेच्या खिडकीवर विचारून घ्यावे.

५. मदत शस्त्रक्रियेच्या बिलापाशी थांबवू नये. कुबड्या, कमोड खुर्ची, व्यायामाला जाण्याचे गाडीभाडे, आणि बुडालेल्या मजुरीच्या महिन्यांतले घराचे धान्य, हाही उपचाराचाच भाग आहे. मजुरी बुडते म्हणून जो चौथ्या आठवड्यात उसाची मोळी उचलतो, त्याची शिवण उसवण्याची भीती असते, आणि मग बिलाला दिलेले पैसेही वाया जातात.

कुबड्या आणि कमोड खुर्ची या वस्तू एकाचे काम झाले की दुसऱ्याच्या उपयोगी पडतात. महोत्सवाच्या वर्षी अशा वस्तूंचा एक लहानसा साठा ट्रस्टच्या खोलीत ठेवला, आणि परत करण्याच्या बोलीवर त्या कोणत्याही जातिधर्माच्या रोग्याला दिल्या, तर त्याला फार मोठा निधी लागणार नाही. या लेखाने त्या दिशेने एखाद्या सभासदाच्या मनात विचार सुरू झाला, तर लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.